मोडाची मटकी आणि बर्फातला गिनीपिग

अकरावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचं पत्र आलंय. मोड आलेली मटकी चंबूत कोंडून त्यांनी श्वसनाचा प्रयोग लावला. बाहेर आलेल्या नळीत रंगीत पाणी वर चढायला हवं होतं, ते उलट खाली गेलं. मुलांनी निकाल दिला, मटकी मेली!

मटकी ठणठणीत असणार. फडक्यात बांधलेल्या मोडांत सकाळी बोटं घातली की जी ऊब लागते, ती त्यांच्या श्वसनाचीच. (मनगटावरचं घड्याळ मिनिटाला किती श्वास घेतले ते दाखवतं, तो श्वासोच्छ्वास. मटकीला कुठली फुप्फुसं? इथे मोजायचा तो पेशींनी वापरलेला ऑक्सिजन.)

मटकी जाळते ते मुख्यतः पिष्ट. त्यामुळे जेवढा ऑक्सिजन आत जातो, जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जमाखर्च सारखा, पाणी जागचं हलत नाही. म्हणून चंबूत कॉस्टिक पोटॅशची छोटी नळी टांगायची. पोटॅश कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, आतली हवा घटते, पाणी चढतं. मोड आलेले शेंगदाणे घेतले, तर तेल जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि पोटॅशविनाही पाणी थोडं चढतं.

मग बाईंचं पाणी उतरलं कसं? माझा संशय वर्गातल्या उकाड्यावर आणि मुलांच्या तळहातांवर आहे. ३०० मिलिलिटर हवा एका अंशाने तापली, की सुमारे १ मिलिलिटर फुगते. दोन अंश चढले तर वीस-पंचवीस दाण्यांनी तासाभरात घेतलेला ऑक्सिजन त्यात सहज झाकला जातो. यावर उपाय म्हणजे शेजारी तसाच दुसरा चंबू, आत दाण्यांइतकीच जागा व्यापतील एवढ्या काचेच्या गोट्या. तिथलं पाणी जेवढं हलेल, तेवढं पहिल्या आकड्यातून वजा. गोट्यांऐवजी उकडलेली मटकी घालू नका. दुसऱ्या दिवशी तिच्यावर जीवाणू माजतात आणि मेलेले दाणे श्वसन करताना दिसतात. हा पराक्रम मी स्वतः केलेला आहे.

बाहेरच्या उष्णतेने भल्याभल्यांना पेचात टाकलंय. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाच्या पेटीत ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो, ते मोजायचं होतं. पण बर्फ तर खोलीच्या उबेनेही वितळणार! म्हणून त्यांनी बर्फाचे दोन थर केले. बाहेरच्या थराने खोलीची ऊब सोसायची आणि त्याचं पाणी हिशेबात धरायचंच नाही. आतल्या थराचं पाणी तेवढं जनावराच्या नावावर. मला ही युक्ती त्या सबंध प्रयोगात सर्वांत देखणी वाटते.

दहा तासांत १३ औंस, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम बर्फ वितळला. गिनीपिगने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवरून, कोळशाच्या ज्वलनाशी ताडून, उत्तर आलं होतं सुमारे साडेदहा औंस. श्वसन हे एक मंद ज्वलन आहे, असं म्हणायला त्यांना एवढं पुरेसं वाटलं.

तरी अडीच औंसांची तफावत राहतेच. तिचं एक कारण असं, की कार्बन डायऑक्साइड मोजला तो वेगळ्या प्रयोगात, बर्फापेक्षा उबदार हवेत. आणि थंडीत कुडकुडणारा जीव जास्त इंधन जाळतो. म्हणजे बाई, तिथेही घोळ तापमानानेच घातला होता.