आरोग्याचे दप्तर : लेखांक सहावा – हल्ली मुक्काम सातपूर

मागील लेखांकात रुग्णाचे नाव आणि वय यांच्या नोंदीविषयी विवेचन केले. त्या दोहोंपेक्षा दिसावयास सोपी आणि व्यवहारात अधिक दगा देणारी तिसरी नोंद पत्त्याची होय. रोगाच्या अभ्यासात घराच्या ठिकाणाचे महत्त्व सांगताना लंडनमधील १८५४ सालच्या पटकीची आणि डॉ. जॉन स्नो यांच्या नकाशाची कथा सांगण्याचा प्रघात आहे; ती बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे येथे तिची पुनरुक्ती करीत नाही. आपल्या कामाला नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील सातपूर पुरेसे आहे, किंबहुना ते अधिक बोधप्रद आहे, कारण ‘राहता कोठे?’ या साध्या प्रश्नाला तेथे एकच उत्तर असेल अशी खात्री देता येत नाही.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर सातपूरच्या शिवारात कारखाने उभे राहत गेले, त्यांच्या आश्रयाने गावठाणाभोवती सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर, शिवाजीनगर अशा वसाहती दाटत गेल्या, आणि १९८२ साली नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा हा सारा टापू तिच्या हद्दीत गेला. या वसाहतींत चौघांत मिळून एक खोली भाड्याने घेऊन राहणारा कामगार पेठ-सुरगाण्याचा असतो, खानदेशचा असतो, किंवा थेट उत्तर प्रदेश-बिहारचा असतो. अंगात ताप घेऊन तो केसपेपरच्या खिडकीशी उभा राहतो. मागे रांग लांबलेली असते, आतल्या कारकुनाला मान वर करण्याची फुरसत नसते, आणि ‘पत्ता?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून खिडकीतून आधार कार्ड आत सरकते, ज्यावर मूळ गावाचा पत्ता छापलेला असतो. अलीकडे ‘आभा’ या आरोग्य-ओळख क्रमांकाची सोय झाल्यापासून भिंतीवरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपला की नाव, वय आणि पत्ता आपोआप संगणकात उतरतात. लिहिण्याचे श्रम वाचतात, अक्षराच्या चुका टळतात, आणि चुकीचा पत्ता निर्दोष अक्षरांत दाखल होतो.

याचा परिणाम काय होतो ते डेंग्यूच्या उदाहरणावरून पाहावे. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात आठवड्याचे आकडे एकगठ्ठा वर जात असत. २०२१ सालापासून आलेल्या नव्या संगणकीय मंचावर मात्र एकेका रुग्णाची स्वतंत्र नोंद त्याच्या ठिकाणासह अपेक्षित आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास जन्मस्थानापासून सहसा काही शे मीटरांच्या पलीकडे जात नाही. म्हणून मलेरिया विभागाच्या माणसांना रुग्णाचे घर आणि आजूबाजूची घरे सापडली, तरच पिंपे, रांजण, कूलर आणि गच्चीवरचे जुने टायर तपासण्याला अर्थ राहतो. श्रमिकनगरातील रुग्णाच्या नावापुढे गोरखपूर जिल्ह्यातील खेडे लागले, की नकाशावर श्रमिकनगर निरोगी दिसते आणि फवारणीची गाडी दुसरीकडे वळते.

खेदाची गोष्ट अशी की, या प्रश्नाचे उत्तर आपल्या कचेऱ्यांच्या दप्तरात फार पूर्वीपासून आहे. फौजदारी जबाब असो वा दिवाणी अर्ज, लिहिणारा कारकून इसमाचे नाव, वय व धंदा लिहून झाल्यावर ‘राहणार मौजे अमुक, तालुका अमुक, जिल्हा अमुक, हल्ली मुक्काम अमुक’ असे दोन्ही पत्ते नोंदवीत आला आहे. समन्स कोठे बजावावयाचे आणि जमीनजुमला कोठे शोधावयाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत याची त्याला जाण होती. जन्ममृत्यूच्या नोंदणीतही हाच विवेक आढळतो. १९६९ च्या कायद्यान्वये घटना जेथे घडली तेथेच ती नोंदवावी लागते. त्यामुळे त्र्यंबकेश्वर तालुक्यातील बाईचे बाळंतपण नाशिकच्या रुग्णालयात झाले तर जन्म नाशिकच्या खात्यात जमा होतो, पण त्याच प्रपत्राच्या सांख्यिकीय भागात मातेच्या राहण्याचे गाव निराळे विचारलेले असते. आरोग्य खात्याच्या संगणकप्रणाली रचणाऱ्यांनी ही जुनी प्रपत्रे एकदा डोळ्यांखालून घातली असती तर पुष्कळ काम सोपे झाले असते, असे मला राहून राहून वाटते.

मूळ गावाचा पत्ता मात्र निरुपयोगी समजू नये. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिने चालतो, आणि तेवढ्यात कामगार पेरणीला, लग्नाला किंवा काम सुटल्यामुळे गावी निघून जाण्याचा संभव असतो. २०१२ साली सुरू झालेल्या ‘निक्षय’ प्रणालीतून त्याचे प्रकरण दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करता येते ते या पत्त्याच्याच आधारावर. सातपुरात तर तिसऱ्या पत्त्याचीही, म्हणजे कामाच्या ठिकाणाच्या नोंदीचीही, गरज आहे. एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो, आणि पहिल्या पाळीचा कामगार दिवसा घरी नसतो. कारखान्याच्या मागील बाजूस उघड्यावर पडलेल्या पिंपांत आणि भंगारात पावसाचे पाणी साचले असेल, तर त्याचा दोष अशोकनगरातील एखाद्या गृहिणीच्या रांजणावर ढकलण्यात काय न्याय?

आता पत्ता किती बारकाईने घ्यावा, हा प्रश्न उरतो. पिनकोड हा सर्वांत सुलभ आधार वाटतो. संस्कृतज्ञ श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली, आणि तिने टपालाचे काम उत्तम केले. परंतु ४२२००७ या एका क्रमांकाखाली नोंदलेले सर्व रुग्ण नकाशावर एकाच ठिपक्यावर गोळा होतात. प्रभाग क्रमांकाची अवस्था त्याहून बिकट आहे. २०१२ च्या निवडणुकीत नाशिकचे ६१ प्रभाग होते, २०१७ मध्ये ते ३१ झाले. तेव्हा २०१२ चा प्रभाग आठ आणि २०१७ चा प्रभाग आठ यांची तुलना करणारा तक्ता कितीही रंगीत असला तरी व्यर्थ होय. अक्षांश-रेखांशाविषयी नवशिक्यांना मोठे आकर्षण असते, पण खिडकीवरच्या उपकरणाने ते टिपले तर ते रुग्णालयाचे निघतात आणि सगळे गाव रुग्णालयाच्याच आवारात राहत असल्याचे नकाशा सांगू लागतो. टपाल खात्याने २०२५ साली आणलेला दहा अक्षरांचा ‘डिजिपिन’ सुमारे चार मीटरांचा चौकोन दाखवितो. परंतु रुग्णाला तो सांगता आला पाहिजे.

माझ्या मते खिडकीवर एवढेच करावे : विभागीय कार्यालयाने वस्त्यांची एक सूची करावी, प्रत्येक वस्तीला निवडणुकांबरोबर न बदलणारा क्रमांक द्यावा, कारकुनाने त्या सूचीतून हल्लीची वस्ती निवडावी आणि पुढे खुणेची जागा लिहावी. ‘पपया नर्सरीच्या मागे’ एवढे सांगितले की सातपूरचा मनुष्य बरोबर पोहोचतो. सूची यासाठी, की शिवाजीनगर महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक शहरात आहे. अचूक अक्षांश-रेखांश आशा सेविकेने किंवा मलेरियाच्या कर्मचाऱ्याने घरापुढे उभे राहून घ्यावेत, आणि तेही रोगाच्या तपासाला आवश्यक असतील तेव्हाच.

अचूकतेला दुसरी बाजूही आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात घरोघर झडत्या सुरू झाल्या तेव्हा लोकांनी आजारी माणसे लपविली. पत्ता कळणे म्हणजे घरात शिपाई शिरणे, असा हिशेब झाल्यावर खरा पत्ता कोण सांगेल? करोनाच्या काळातही रुग्णांच्या नावनिशीच्या याद्या मोबाइलवरून फिरल्या, आणि शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली. म्हणून घराचा नेमका बिंदू फक्त घरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे असावा. विश्लेषकाला वस्ती पुरते. अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत दिले तर सुमारे अकरा मीटरांत घर सापडते, आणि दोनच स्थळे ठेवली तर साधारण एक किलोमीटरचा चौकोन उरतो, ज्यात कोणाचे दार दिसत नाही पण रोगाचा कल दिसतो.

इतके सारे साधले तरी एक अडचण शिल्लक राहते. अशोकनगरात रुग्ण किती हे सांगता आले, तरी तेथे माणसे किती राहतात हे सांगता आल्याशिवाय प्रमाण निघत नाही. आणि हाताशी असलेली जनगणना २०११ ची, ज्या वेळी संपूर्ण नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. तो भागाकार कसा करावा, याचा विचार पुढील लेखांकी करू.