हिटलरला झोंबलेला कुंचला

रिसोडच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी एक जुनं व्यंगचित्र दाखवलं. "सर, हे दोघं एकमेकांना टोपी काढून नमस्कार का करतायत?"

एक हिटलर, दुसरा स्टॅलिन. दोघं झुकून, हसतमुखाने एकमेकांना शिव्या घालतायत. मध्ये पडलेलं प्रेत म्हणजे पोलंड.

चित्रकार डेव्हिड लो. न्यूझीलंडमध्ये 1891 साली जन्मलेला, लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये रमलेला. 17 सप्टेंबर 1939 ला सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. 20 तारखेला हे चित्र छापून आलं. एवढ्या घाईत इतकं नेमकं सुचणं, याचं मला तरी अजून आश्चर्य वाटतं!

पेपरचा मालक पक्का हुजूरपक्षी, लो डावीकडे झुकलेला. पण करारातच चित्राचं स्वातंत्र्य लिहून घेतलेलं.

जून 1940 मध्ये फ्रान्स कोसळला. लोने खवळलेल्या समुद्राकाठी एकटा ब्रिटिश सैनिक काढला, विमानांकडे मूठ उगारलेला. कुंचल्याचे जाड, काळे फटकारे. बारीकसारीक तपशील जवळपास नाहीच. ब्रिटन जिंकून घेतल्यावर कोणाला पकडायचं, याच्या नाझी यादीत लोचं नाव होतं.

आपल्याकडे बाळासाहेब ठाकरे त्याला मानायचे. आर. के. लक्ष्मणही. म्हैसूरला असताना लहानग्या लक्ष्मणने त्याची सही 'काऊ' अशी वाचली होती म्हणे!

ठाकऱ्यांची 'मार्मिक'मधली चित्रं लोच्या शेजारी ठेवून बघा, रेषेतलं नातं दिसेल.

कुंचला, शाई, कागद यांबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. जुने 'मार्मिक' कुणाच्या घरी असतील तर तेही कळवा.