जादा हवा म्हणजे जादा अश्वशक्ती?

बाजारात मिळणारा खुला एअर फिल्टर बसविला की मोटारीची अश्वशक्ती वाढते, असा समज आहे. मात्र फिल्टरमधून किती हवा जाऊ शकते, यापेक्षा इंजिन किती ओढते, हे महत्त्वाचे. १२०० सीसीचे साधे, टर्बो नसलेले इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर फार तर ३६०० लिटर हवा घेते. मूळ फिल्टर तेवढी सहज पुरवत असल्यास लाभ नगण्यच. उलट बॉनेटखालची हवा १० अंशांनी अधिक तापलेली असेल, तर तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. खरी वाढ डायनामोमीटरवर, समान तापमानात घेतलेल्या आधीच्या व नंतरच्या चाचणीतूनच कळते. गळीत हंगामात ऊसवाहतुकीची धूळ उडणाऱ्या बारामती-इंदापूर पट्ट्यात तर गाळणक्षमता आधी पाहावी. आत शिरलेली धूळ सिलिंडर झिजवते.