कारागिराचे वजन आणि मालकाचा चहा

माणदेश म्हटला की दुष्काळ आणि राबून काटक झालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. पण दहिवडी-म्हसवडच्या पेठेत शिलाई मशीनवर किंवा गल्ल्यावर, अथवा परमुलखात गलाईच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्याचे शरीर आता शेतात राबत नाही. हालचाल घटली, खाणे तेच राहिले. पोट पुढे आले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २३ टक्के पुरुष आणि २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. त्याच वेळी १६ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कृश होते. म्हणजे प्रश्न दोन्ही बाजूंचा आहे. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपुढे गेला की मधुमेह, रक्तदाबाचा धोका वाढतो.

मोठ्या कंपन्या कामगारांसाठी डॉक्टर, व्यायामशाळा ठेवतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने कॅन्टीन सक्तीचे केले होते, तेही २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांना. चार-पाच माणसांच्या आपल्या दुकानाला हा थाट परवडणारा नाही. मात्र दुकानातला चहा, जेवणाची सुट्टी आणि कामाची बैठक मालकच ठरवतो.

हिशेब पाहा. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे जवळपास ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम.

व्यापारी बांधवांना आम्ही एवढेच सुचवतो: चहाचे कप कमी करा, साखर वेगळी ठेवा. भजी-वड्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे मागवा. दुपारी अर्धा तास निवांत जेवू द्या. घरची बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ याहून चांगला डबा नाही. तासाभराने कारागिराला पाच मिनिटे उठू द्या. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब व साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. त्यासाठी पगार न कापता अर्धा दिवस द्या.

एक पथ्य मात्र पाळावे. वजनावरून चारचौघांत चेष्टा नको आणि तपासणीचा कागद मागणे नको. तो ज्याचा त्याच्यापाशी राहू द्या.

हातात कसब यायला वर्षे लागतात. असा कारागीर चाळिशीतच आजाराने घरी बसला, तर त्याची चूल आणि आपले दुकान दोन्ही अडतात.