लोखंडी मूठ आणि मामाचं भूत

“आई, दोनच मिनिटं, एवढी मॅच संपू दे!”

हे वाक्य ऐकू येत नाही असं दहावीच्या मुलाचं घर आमच्या सावेडीत शोधून सापडायचं नाही. त्या दिवशी मी गॅस बंद केला आणि तशीच हॉलमध्ये गेले. क्लासच्या टेस्टमध्ये गणितात वीसपैकी सात मार्क पडल्याचं सकाळीच कळलं होतं, आणि इथं टीव्हीच्या पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना बुकलत होते. माझा हात वर गेला. तो खाली यायच्या आत सोफ्यावर बसलेल्या माझ्या धाकट्या भावानं धरला. भाऊबीजेसाठी पुण्याहून आला होता तो. म्हणाला, “ताई, राहू दे. या खेळापायी आपल्या घरात एकदा मार खाऊन झालाय.”

मी गप्पच झाले.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आहे २००० सालच्या आसपासची. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, भाऊ दहावीला. प्रोफेसर कॉलनी चौकाजवळच्या एका गाळ्यात तेव्हा व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तासाला दहा रुपये. आत अंधार, पंख्याची घरघर आणि एका पडद्यापुढं दहा पोरं. खेळ कोणता, तर ‘टेकन ३’. जपानमधला हा खेळ १९९७ साली आला आणि १९९८ साली प्लेस्टेशनवर. ‘टेकन’ म्हणजे जपानी भाषेत लोखंडी मूठ. आईनं दळणाला दिलेल्या पैशांतले दहा रुपये भाऊ तिथं घालवायचा. कुणीतरी अण्णांना सांगितलं. अण्णांचा पट्टा त्या दिवशी थांबता थांबला नाही. अण्णा वाईट नव्हते हो. त्यांनी स्वतः लहानपणी आजोबांचा आसूड खाल्ला होता, एवढंच.

तोच भाऊ आता चाळिशीचा झालाय. स्वतःच्या पैशानं गेम घेतो, खेळतो आणि भाच्यालाही शिकवतो. “एकदा बसून बघ, मग रागव,” म्हणाला. बसले. खेळ होता त्याच मालिकेतला ‘टेकन ८’, २६ जानेवारी २०२४ रोजी बाजारात आलेला. बघितल्यावर जे पटलं आणि जे खटकलं, ते दोन्ही सांगते.

आधी पटलेलं. मला वाटायचं, पोरं नुसती बटणं बडवतात. तसं नाही. हातातल्या कंट्रोलरवर चार मुख्य बटणं, आणि ती म्हणजे माणसाचे चार अवयव : डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. समोरच्याचा घाव वर येतोय की खाली, हे ओळखून तो अडवायचा आणि त्याचा तोल गेला की आपला डाव टाकायचा. कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद हेच तर सांगतात! पडद्यावरची माणसंही आपापली विद्या घेऊन आलेली : कुणी कराटे, कुणी कोरियातला तायक्वांदो, तर कुणी ब्राझीलचा कापोएरा.

नव्या भागात माझ्यासारख्या अडाण्यांचीही सोय आहे. ‘स्पेशल स्टाइल’ चालू केली की एकेका बटणावर सोपे डाव बसतात. मीसुद्धा एक फेरी जिंकले! (मुलगा म्हणतो, त्यानं मुद्दाम सोडली.) आणखी एक आवडलं. झालेली लढत परत लावली की खेळच दाखवतो, इथं तुला पलटवार करता आला असता. न रागावता चूक दाखवणारा मास्तर! आपण मुलांच्या उत्तरपत्रिका अशा कधी बघतो का, हे मीच मला विचारलं.

सगळ्यांत मजेशीर म्हणजे ‘घोस्ट’, अर्थात भूत. तुम्ही खेळत जाता तशा तुमच्या सवयी खेळ टिपून घेतो आणि तुमच्यासारखंच लढणारं एक भूत तयार करतो. दुसऱ्याचं भूत आपल्या घरी उतरवून घेऊन त्याच्याशीही लढता येतं. मामा पुण्यात, पण मामाचं भूत सावेडीत!

आता खटकलेलं. पहिलं म्हणजे पैसा. गेम आधीच महाग. त्यात बाजारात आल्यावर महिन्याभरात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, खेळाच्या आतच दुकान उघडलं. पात्रांचे कपडे घ्यायचे तर वेगळे पैसे. पुढं एप्रिलमध्ये एडी नावाचा कापोएरावाला आला, तोही पैसे मोजून. हाच एडी ‘टेकन ३’ मध्ये त्याच डब्यात मिळायचा. जेवणाच्या ताटाचे पैसे घ्यायचे आणि लोणचं मागितलं की वेगळं बिल लावायचं, त्यातला प्रकार. म्हणून घरात कार्ड जोडलेलं असेल तर पासवर्ड आपल्याकडेच ठेवा.

दुसरं, ‘हीट’. प्रत्येक फेरीत एकदा अंगात जोर संचारतो आणि त्या वेळी समोरच्यानं घाव अडवला तरी त्याला थोडी इजा होतेच. अंगावर धावून जाणाऱ्याचा फायदा, सावध खेळणाऱ्याचा तोटा. एप्रिल २०२५ मध्ये केलेल्या बदलांनी हा आक्रमकपणा आणखी वाढला, तेव्हा जगभरचे जुने खेळाडू इतके चिडले की कंपनीला दुरुस्त्या कराव्या लागल्या. भाऊ म्हणतो, “तिसऱ्या भागात थांबायला वाव होता. यात श्वास घ्यायला फुरसत नाही.”

तिसरं, सुरुवातीच्या ३२ लढवय्यांत एकही भारतीय नाही. ‘स्ट्रीट फायटर’ या दुसऱ्या मालिकेत १९९१ पासून धालसिम नावाचा योगी आहे, पण तोही कवट्यांची माळ घालून तोंडातून आग ओकणारा! आपल्याकडची कुस्ती, मल्लखांब, दांडपट्टा यातलं काही कुणाला सुचू नये?

पण खरी बोलायची गोष्ट वेगळीच आहे. गेली काही वर्षं मी वस्त्यांमधून बायकांचे घरगुती तंटे ऐकते, समजूत घालते. मारणाऱ्या नवऱ्याबद्दल विचारलं की सासू हमखास सांगते, “त्याचा बाप पण असाच होता.” आणि या खेळाची कथा नेमकी हीच! हेइहाची नावाच्या आजोबानं पाच वर्षांच्या पोराला, काझुयाला, कड्यावरून खाली टाकलं. पोरानं मोठं होऊन बापाला त्याच कड्यावरून टाकलं. पुढं तिसऱ्या भागाच्या शेवटी आजोबानं नातवावर, जिनवर, गोळी झाडली. आठव्या भागात बाप आणि लेक समोरासमोर आहेत. जिन अखेर बापाला हरवतो, पण त्याचा जीव घेत नाही. मालिका १९९४ साली सुरू झाली. मारण्याची ही साखळी तुटायला तीस वर्षं लागली.

जिनची आई जुन १९९५ च्या दुसऱ्या भागात होती. तिसऱ्या भागाच्या कथेत ती नाहीशी झाली. आठव्यात ती परतली, याचा मला कोण आनंद! पण गोष्टीत येते शेवटी शेवटी, तीही थोडाच वेळ. घर जोडणाऱ्या बाईला इथंही उरलीसुरली जागा. एवढा मोठा खेळ रचणाऱ्यांना ही उणीव भरून काढता आली असती.

आमच्या घरात आता ठरलंय. रविवारी एक तास खेळ, आणि आठवड्यातून एकदा चुकलेली गणितं आम्ही दोघं परत बघतो, रागावणं वर्ज्य. युरोपात हा खेळ १६ वर्षांवरच्यांसाठी मानला जातो, तेव्हा लहान भावंडांच्या हाती देऊ नका. मोठ्यांच्या मात्र शेजारी बसा. मारामारी पडद्यावरच राहते की घरात उतरते, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

परवा मुलगा म्हणाला, “आई, मामाचं भूत घाबरट आहे. सुरुवातीला नेहमी दोन पावलं मागं सरकतं.” मला एकदम तो अंधारा गाळा आठवला, आणि दाराकडं एक डोळा ठेवून खेळणारं पोरगं. रात्री भावाला फोन लावला. पंचवीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं, “अण्णांना तेव्हा मीच सांगितलं होतं रे.”

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “माहितीय ताई. त्या रात्री पाठीला हळद लावताना तूच रडत होतीस.”