विश्लेषण : निर्माल्यातील झेंडूने रंगवलेले कापड खरेच पर्यावरणपूरक असते का?

गणेशोत्सव, दसरा उलटला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये कोमेजलेल्या झेंडूचे ढीग साचतात. या फुलांनी कापड रंगवता येते. मुंबईतील ‘आदिव प्युअर नेचर’ सिद्धिविनायक मंदिरात वाहिलेल्या फुलांपासून कापडावर रंग आणि ठसे उमटवते. पण ‘नैसर्गिक रंग’ एवढे लिहिले की कपडा निर्धोक ठरतो का?

रासायनिक रंगांना पर्याय का हवा?

विल्यम पर्किनने 1856 मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला. 1897 मध्ये जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि पुढे भारतातील निळीची शेती कोसळली. कृत्रिम रंग स्वस्त आणि टिकाऊ असतात. मात्र धाग्याला न चिकटलेला रंग सांडपाण्यात जातो. 2017 मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीजवळ भटकी कुत्री निळी झाल्याची छायाचित्रे गाजली, त्यामागे कारखान्यातून बाहेर पडलेला रंग होता.

फुलांचा रंग कापडावर कसा चढतो?

पाकळ्या उकळून रंग काढतात. रेशीम, लोकर तो सहज धरतात. सुती कापड मात्र आधी हिरड्याच्या आणि मग तुरटीच्या पाण्यात भिजवावे लागते. तुरटी धागा आणि रंग यांना जोडते, म्हणून तिला रंगबंधक म्हणतात. तुरटीवर झेंडू पिवळा येतो. लोहाचा अंश मिसळला की तोच रंग गडद, हिरवट होतो. मंजिष्ठेपासून लाल, तर खैराच्या कातापासून तपकिरी छटा मिळते.

हा रंग टिकतो का?

सगळेच टिकत नाहीत. हळद उन्हात लवकर विटते. नीळ आणि मंजिष्ठा बऱ्यापैकी पक्के असतात. पक्केपणा प्रयोगशाळेत मोजता येतो. धुलाईसाठी 1 ते 5, तर उजेडासाठी 1 ते 8 अशी श्रेणी देतात. घाटकोपरच्या ‘बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन’मध्ये अशा चाचण्या होतात.

मग अडचण कुठे?

पहिली अडचण रंगबंधकाची. तुरटी तुलनेने सौम्य आहे, पण क्रोमियम किंवा तांब्याचे क्षार वापरले तर सांडपाणी पुन्हा विषारी होते. दुसरी, मालाची. एक किलो कापडाला अनेकदा तितकीच किंवा त्याहून जास्त फुले लागतात. त्यासाठी मुद्दाम शेती केली तर जमीन आणि पाणी खर्ची पडते. शिवाय प्रत्येक वेळी तीच छटा येईल याची खात्री नसते. त्यामुळे मोठ्या कारखान्यांची गरज या रंगांवर भागणे कठीण आहे. निर्माल्य, डाळिंबाच्या साली, कांद्याची टरफले अशा टाकाऊ मालातून लहान प्रमाणात काम करणे मात्र शक्य आहे.

ग्राहकांनी काय पाहावे?

रंग कशाचा, रंगबंधक कोणते आणि धुलाईची श्रेणी किती, हे तीन प्रश्न दुकानदाराला विचारावेत. घरी आणल्यावर कपडा सौम्य साबणाने वेगळा धुवावा आणि सावलीत वाळवावा. कपडा जितका जास्त वर्षे वापरात राहील, तितका त्याचा पर्यावरणावरील भार कमी होतो.