विश्लेषण : अकरावी मॅट्रिकचा ‘सेंड-ऑफ’ कसा व्हायचा? शेलापागोटे, ग्रुप फोटो आणि स्वाक्षरीच्या वहीची गोष्ट

फेब्रुवारी उजाडला की भिवंडीतील शाळांमध्ये दहावी-बारावीच्या निरोप समारंभांची लगबग सुरू होते. साड्या, ब्लेझर, केक आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला रील. सत्तर वर्षांपूर्वी हाच समारंभ काही आण्यांच्या वर्गणीत, चिवडा आणि चहावर पार पडत असे. थट्टामस्करी तेव्हाही भरपूर होती. पण त्या दिवशी हसणाऱ्या अनेकांचे शिक्षण तिथेच थांबणार होते. आजी-आजोबांच्या पिढीचा हा ‘सेंड-ऑफ’ नेमका कसा होता, ते पाहू.

शेवटचे वर्ष अकरावीचे का असायचे?

आधी मराठी चौथीपर्यंतची प्राथमिक शाळा आणि मग इंग्रजी पहिली ते सातवी, अशी जुनी रचना होती. चार अधिक सात म्हणजे अकरा वर्षे. इंग्रजी सातवी म्हणजेच मॅट्रिकचा वर्ग. ही परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे. १९४८च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि १९४९मध्ये पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ‘मॅट्रिक’ हाच शब्द पुढे कित्येक वर्षे राहिला. अकरावीतील मुले साधारण सोळा-सतरा वर्षांची असत. शाळेत त्यांचा रुबाब मोठा. स्नेहसंमेलनाची सूत्रे, नाटकातील मुख्य भूमिका आणि व्हरांड्यात उभे राहण्याची हक्काची जागा त्यांच्याकडेच असे.

समारंभात काय काय असे?

प्रिलिम संपली, परीक्षेचे फॉर्म गेले की निरोपाचा दिवस ठरे. यजमान दहावीचा वर्ग. वर्गणी काढणे, शेजारच्या घरांतून कपबश्या मागून आणणे, पताका लावणे ही त्यांची कामे. १९५७च्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली, तोपर्यंत हा सगळा हिशेब आणे-पैमध्ये होई.

कार्यक्रमाचा क्रम जवळपास सर्वत्र सारखाच. ईशस्तवन, स्वागतगीत आणि मग अध्यक्षांची निवड. अध्यक्ष म्हणून मुख्याध्यापक आधीच खुर्चीत बसलेले असत. तरीही एक विद्यार्थी उठून त्यांचे नाव सुचवी आणि दुसरा त्याला ‘अनुमोदन’ देई. हे एक वाक्य पाठ करताना अनुमोदन देणाऱ्याला घाम फुटे. त्यानंतर दहावीतर्फे एक आणि अकरावीतर्फे एक भाषण. वर्गशिक्षकांचे दोन शब्द अर्ध्या तासाच्या खाली क्वचितच येत. शेवटी अकरावीकडून शाळेला भेट दिली जाई. बहुधा भिंतीवरचे घड्याळ, नाही तर ग्रंथालयासाठी पुस्तके. मग अल्पोपाहार. चिवडा, लाडू किंवा पेढा आणि चहा.

शेलापागोटे म्हणजे काय?

समारंभातला सर्वांत गाजणारा भाग हाच. शेला आणि पागोटे हा पूर्वी मानाचा आहेर असे. शाळेत त्याच शब्दाचा उलटा उपयोग झाला. एखाद्याची खोड नेमकी पकडून त्याला भर सभेत टोमण्याचा ‘आहेर’ करायचा, हे शेलापागोटे. कॉलेजांतून आलेला दुसरा शब्द म्हणजे फिशपाँड. जत्रेतल्या खेळात गळ टाकून तळ्यातून वस्तू काढतात, तशी इथे पेटीतून निनावी चिठ्ठी काढायची आणि मोठ्याने वाचायची.

रोज उशिरा येणाऱ्याला गजराच्या घड्याळाचे चित्र, डुलकी घेणाऱ्याला उशी, शाईने बोटे आणि सदरा रंगवणाऱ्याला टीपकागद, अशा भेटीही दिल्या जात. नियम एकच. चिठ्ठ्या आधी एखाद्या शिक्षकाच्या नजरेखालून जात आणि जास्त तिखट चिठ्ठी तिथेच गळे. काही शाळांत शिक्षकांनाही शेलापागोटे मिळे. वर्षभर छडीचा धाक दाखवणारे मास्तर त्या दिवशी स्वतःवरचा विनोद ऐकून हसत, याचे मुलांना मोठे अप्रूप वाटे.

शिक्षक-विद्यार्थ्यांमधला हा जिव्हाळा मराठी वाचकाला सर्वाधिक परिचित आहे तो ‘चितळे मास्तर’ या व्यक्तिचित्रामुळे. ते ज्या पुस्तकात आहे, त्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ग्रुप फोटोला इतके महत्त्व का?

कॅमेरा घरात नसण्याचा तो काळ. अनेक मुलांच्या आयुष्यातील हा पहिलाच फोटो असे. फोटोग्राफर तिकाटण्यावर मोठा कॅमेरा लावून काळ्या कापडात डोके घाली. मधोमध मुख्याध्यापक, दोन्ही बाजूंना शिक्षक, मागे बाकांवर उभी मुले, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले आणि त्यांच्यापुढे वर्ष लिहिलेली पाटी. मुली संख्येने कमी, त्यामुळे त्या बहुधा एका बाजूच्या खुर्च्यांवर. ‘हलू नका’ अशी ताकीद मिळाली की नेमके कुणाला तरी हसू फुटे. म्हणूनच जुन्या फोटोंत एखादा चेहरा पुसट दिसतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या प्रतीखाली सर्वांची नावे रांगेनुसार छापलेली असत. प्रत विकत घेणे सर्वांना परवडत नसे, मग दोघा मित्रांत एक प्रत घेतली जाई.

स्वाक्षरीच्या वहीत काय लिहीत?

गुलाबी, पिवळ्या, निळ्या पानांची छोटी वही, म्हणजे ऑटोग्राफ बुक. पहिले पान मुख्याध्यापकांसाठी राखलेले. शिक्षक सुविचार लिहीत, मित्र यमक जुळवत. शेवटच्या पानाचा कोपरा दुमडून ‘हे उघडू नये’ असे लिहिण्याची खोडीही होतीच. मुलामुलींनी एकमेकांशी बोलणेच जिथे दुर्मीळ, तिथे वहीची देवाणघेवाण ही मोठी धाडसाची गोष्ट. अशी वही एखाद्या बहिणीमार्फत किंवा बाईंच्या टेबलावरून फिरे. त्यात लिहिलेल्या साध्या ‘शुभेच्छा’ शब्दाचाही मग पुढे महिनाभर अर्थ लावला जाई.

भिवंडीत या निरोपाचे वजन वेगळे का होते?

भिवंडी तेव्हा ठाणे जिल्ह्यातले भातगिरण्यांचे आणि मागांचे गाव होते. हातमागांची जागा यंत्रमाग घेत होते. रेल्वे नव्हती, गाडीसाठी कल्याण गाठावे लागे. गावात मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा बोलल्या जात. रईस हायस्कूलसारख्या उर्दू माध्यमाच्या शाळांत याच समारंभाला ‘अलविदाई जलसा’ म्हणत, आणि तिथे शेरोशायरीला जोर असे.

पण पुढे काय, हा प्रश्न सर्व माध्यमांत सारखाच होता. गावात महाविद्यालय आले ते १९६०च्या दशकात. त्याआधी कॉलेज म्हणजे मुंबई. रोजचा प्रवास किंवा नातेवाइकांकडे राहणे, शिवाय फी. ज्यांना हे जमत नसे, त्यांतले कुणी मागावर जात, कुणी पेढीवर, कुणी कारकुनीच्या शोधात. अनेक मुलींचे लग्न त्याच उन्हाळ्यात ठरे. म्हणजे बाकावर शेजारी बसणारे दोघे मार्चनंतर वेगवेगळ्या जगांत जाणार, हे चिवडा खाताना सर्वांना ठाऊक असे. १९५१च्या जनगणनेत देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. अशा काळात अकरावीपर्यंत पोहोचणे हीच मोठी मजल होती. पुढे यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफ केली आणि गरीब घरांतील मुलांचा रस्ता थोडा रुंद झाला.

निकाल कसा कळायचा?

निकाल वर्तमानपत्रात छापून येई, तोही फक्त आसन क्रमांकांच्या रूपात. कल्याणहून कुणी अंक आणला की त्याच्याभोवती गर्दी होई. क्रमांक दिसला तर पेढे. नाही दिसला तर पुन्हा एकदा वर-खाली बोट फिरवून पाहणे आणि मग ऑक्टोबरची तयारी. पुन:पुन्हा परीक्षेला बसण्याला ‘मॅट्रिकच्या वाऱ्या’ म्हणत. ‘मॅट्रिक पास’, ‘मॅट्रिक फेल’ आणि ‘नॉन-मॅट्रिक’ या पाट्या नोकरीच्या अर्जापासून लग्नाच्या बोलणीपर्यंत माणसाला चिकटून राहत.

हे सगळे कधी बदलले?

कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा अधिक दोन अशी रचना सुचवली. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५मध्ये झाली, बारावीची १९७७मध्ये. अकरावी हा शाळेचा शेवट राहिला नाही आणि निरोपाचे दोन समारंभ झाले, एक दहावीचा आणि एक बारावीचा.

१९५५च्या सुमारास मॅट्रिक झालेली मंडळी आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. घरात तसा एखादा ग्रुप फोटो असेल, तर पुठ्ठ्यावरची नावे पुसण्याआधी मोबाइलमध्ये नीट टिपून ठेवा. मागच्या रांगेत हसू दाबणारा तो मुलगा कोण आणि त्याचे पुढे काय झाले, हे आजोबांना किंवा आजीला विचारा. ते फोटोखाली छापलेले नाही.